हुतात्मा कोंडाजी गायकर

कोंडाजी गायकर देशासाठी मेला, ही बातमी त्याच्या सुनेला तो जाऊन शेहेचाळीस वर्षं झाल्यावर कळली, आणि तीही बोंबील घ्यायला गेली असताना.

कुळगावच्या नाक्यावर चांगुणाच्या मासळीच्या पाटीला सावली मिळते, एवढाच काय तो निवडणुकीच्या फ्लेक्सचा जनतेला उपयोग. इंदुबाई त्या सावलीत उकिडवी बसली, बोंबील दाबून बघितला, भाव ऐकून नाक मुरडलं आणि सहज मान वर केली. फ्लेक्सवर पुढारी भूपेशदादा हात जोडून उभे होते. त्यांच्या खांद्याला खांदा लावून इंदुबाईची सून तुळशी, नव्या पैठणीत, इतकी गोरी केलेली की सख्ख्या नवऱ्यानं ओळख विचारली असती. मागं तोफ, घोडा, फडकता झेंडा. आणि कोपऱ्यात गोल चौकटीत फेटेवाला, झुबकेदार मिशांचा एक परका माणूस. कोंडाजीचा फोटो जन्मात कुणी काढला नव्हता, म्हणून छापणाऱ्यानं कुणाचा तरी लावून दिला होता. खाली लिहिलं होतं: हुतात्मा कोंडाजी पोशा गायकर, बलिदान १९४२.

इंदुबाई चौथी शिकलेली. तिला अक्षराआधी आकडा दिसतो.

चांगुणाला वाचता येत नव्हतं, पण सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिला ते सहा वेळा वाचून दाखवलं होतं. तिनं बोंबलावरची माशी हाकलली आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "इंदुबाय, तुझा सासरा बेचालीसला गेला म्हंतान. मग रघूदादा कवाचा?"

इंदुबाई बोंबील तिथंच टाकून उठली.

इंदुबाईचा नवरा रघू अठ्ठेचाळीसचा. आधार कार्डावर एक जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस लिहिलंय, शाळेत मास्तरनं घातलेली तारीख, पण साल खरं. विठाबाई, म्हणजे इंदुबाईची सासू, शंभरदा सांगायची की ज्या साली लष्कराच्या रिकाम्या छावणीत सिंधी लोक पेट्या-बोचकी घेऊन उतरले, त्या साली रघू झाला. त्याच्याआधी तीन पोरं झाली आणि तीन गेली. चौथं जगावं म्हणून विठाबाई कुळगावातून अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत पाच सोमवार अनवाणी चालली. आणि आता पणतवाच्या फ्लेक्सनं तिच्या नवऱ्याला रघूच्या जन्माच्या सहा वर्षं आधीच मारून टाकलं होतं. तुळशीला नगरपरिषदेचं तिकीट मिळालं तर रस्त्याच्या दर खांबावर ते साल लागणार, आणि गाव मतदानापर्यंत बोटं मोजत बसणार.

विठाबाई जिवंतपणी कुणाला आवडेल अशी बाई नव्हती. तिनं इंदुबाईच्या ताटातल्या भाकऱ्या मोजल्या होत्या, माहेरच्या निरोपावर निरोप दाबून ठेवले होते, आणि बाळंतपणातही जिभेला सुट्टी दिली नव्हती. इंदुबाईनं तिला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या होत्या की त्या छापल्या तर पुस्तक जप्त होईल. पण त्या शिव्यांत ही शिवी कधीच नव्हती.

घरी लगीनघाई होती. अकराला भूपेशदादा येणार, बलिदान कलशात हुतात्म्याच्या अंगणातली मूठभर माती घेणार, आणि तिथंच प्रभागाची उमेदवारी जाहीर करणार. प्रभाग बायकांसाठी राखीव पडला होता, म्हणून तुळशीचं नाव. कारभार तिचा मुलगा सनी बघणार, हे सगळ्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की तुळशीनंही धरलं होतं.

अडचण मातीची होती. गायकरांच्या अंगणात माती नव्हती. दोन वर्षांपूर्वी जयदेवनं, म्हणजे तुळशीच्या नवऱ्यानं, कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर हौसेनं भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. एक ब्लॉक उचकटून बघितला तर खाली खडीची भुकटी. भूपेशदादांचा कार्यकर्ता चंदू कपाळाला हात लावून बसला होता. त्याला व्हिडिओत काळीभोर माती हवी होती. शेवटी सनीनं अंबरनाथ पूर्वेच्या नर्सरीतून कुंड्यांची माती आणली, नारळाचा भुसा आणि गांडूळखत मिसळलेली, आणि ती ब्लॉकच्या खड्ड्यात थापून वर पाणी शिंपडलं. पिशवीवर लिहिलं होतं, गुलाब व जास्वंदीसाठी उत्तम.

इंदुबाईनं दारातूनच विचारलं, "सन्या, तुझा पणजा कवा मेला?"

सनी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या गोडाऊनवर सुपरवायझर. दिवसभर व्यापाऱ्यांशी हिंदीत बोलून त्याची मराठी निम्मी झालेली. त्यानं आजीला खुर्चीत बसवलं आणि सगळा प्रकार उलगडून सांगितला. चंदूनं मोबाइलवर बलिदान कलशाचा फॉर्म पाठवला होता. त्यात दोनच पर्याय होते, हुतात्मा किंवा माजी सैनिक. जेलमध्ये जाऊन आलेल्यासाठी पर्यायच नव्हता. आणि हुतात्म्याला बलिदानाचं वर्ष भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नव्हता. भिंतीवर पणजोबांच्या सुटकेचा कागद फ्रेम करून लावलेला आहेच, ठाण्याचा तुरुंग, १९४२. त्यानं तेच वर्ष टाकलं.

"सुटकेचा कागद हाय तो," इंदुबाई म्हणाली. "सुटला म्हंजे जिवंत बाहेर आला. मेलेल्याला कागद देऊन सोडतात काय?"

"आजी, डिटेल में मत जा ना."

डिटेल इंदुबाईला सगळा माहीत होता, कारण विठाबाईनं तो तिला मसाला कुटताना सांगितला होता. आज जिथं उल्हासनगरचे कॅम्प आहेत, तिथं तेव्हा गोऱ्यांची छावणी होती. कोंडाजी ताडावर चढायचा, ताडी काढायचा, आणि कावडीनं ती छावणीच्या तारेपाशी नेऊन सोल्जरांना विकायचा. परवाना नव्हता. पकडला, दीड महिना आत गेला. इंग्रजांविरुद्ध त्याची एकच तक्रार होती की ते बाटली परत करत नसत. पुढं देश स्वतंत्र झाला, बेचाळीसला जेलमध्ये गेलेल्यांना मान मिळू लागला, आणि कोंडाजीनं कुणाला खोटं सांगितलं नाही, फक्त कागदाला काच बसवून घेतली. कागद इंग्रजीत. गावात वाचणारं कोणी नव्हतं. अर्ध्या देशाचा इतिहास असाच काचेमागं टिकलेला आहे.

मग घरातल्या घरात पंचायत बसली. इंदुबाईचं म्हणणं सरळ होतं, साल बदला, तो खरा गेला ते एकोणऐंशी करा.

"एकोणऐंशीला इंग्रज कुठं होते?" सनी म्हणाला.

"मग हुतात्मा काढा. नुसता कोंडाजी ठेवा."

"नुसत्या कोंडाजीला कोण मत देणार?"

तुळशी पैठणीच्या निऱ्या धरून उभी होती. तिनं सासूकडं न बघता भिंतीला सांगितलं की चार महिने ती या वॉर्डातल्या प्रत्येक हळदीकुंकवाला पाय तुडवत गेली आहे, आणि तीस वर्षांत या घरात पहिल्यांदा तिचं नाव कशावर तरी छापून आलंय, तेव्हा कुणाला बघवत नसेल तर तसं बोलावं. जयदेव आदल्या दिवसापर्यंत आईच्या बाजूचा होता. राजकारण म्हणजे घाण, असं तो दर चहाला म्हणायचा. पण रात्रीत घराच्या मागच्या रस्त्याचं काम उमेदवाराच्या घरातल्याला मिळणार हे कानावर आलं होतं. त्यानं तोडगा काढला. बाबांचं वय सात वर्षांनी वाढवायचं. बाबा एकेचाळीसचे. प्रश्न मिटला.

ज्याचं वय वाढणार होतं तो रघू ओसरीवर दाढी करत बसला होता. गालावर साबण तसाच ठेवून तो म्हणाला, "मना सात वरसं नको. हायत तीच संपत नाय."

"आन त्यांच्या वर्गातले पाच म्हातारे गावदेवीच्या पारावर बसतात," इंदुबाई म्हणाली. "त्यांचीपन वाढवनार काय? सगल्या गावाला एक-एक फॉर्म वाटा."

"कोण मोजतंय, आई?" जयदेव म्हणाला.

"चांगुणानं मोजलं. तिला लिहिता येत नाय."

तेवढ्यात फटाक्यांची माळ लागली. भूपेशदादा वीस मिनिटं आधी आले होते. पुढाऱ्यांनी वेळेआधी येण्याचा प्रसंग जन्मात एकदा येतो, तो गायकरांच्या वाट्याला आला.

अंगण भरलं. खुर्च्या, मांडव, स्पीकर चंदूनंच लावले होते. भूपेशदादा अंबरनाथचे, पण आईचं माहेर कुळगाव असल्याचं दर पाच वर्षांनी त्यांना आठवायचं. माणूस दिसायला साधा, बोलायला जहर. त्यांनी आधी रघूचे पाय धरले, मग खड्ड्यापाशी गुडघे टेकून नर्सरीची माती कपाळाला लावली. तिच्यातला एक गांडूळ बोटाला चिकटून आला. तो त्यांनी अलगद खाली सोडला, आणि तेही व्हिडिओत चांगलं दिसलं.

मग माईक हातात घेऊन ते थोडा वेळ बोललेच नाहीत. नुसते उभे राहिले. हे त्यांचं भांडवल.

"मी मत मागायला आलेलो नाही," ते हळूच म्हणाले. "मी माती मागायला आलोय."

पुढं त्यांनी सगळा इतिहास एका दमात आणला. किल्ले आले, तलवारी आल्या, फासाचे दोर आले, सरहद्दीवरचा बर्फ आला. आणि बर्फावरून थेट कुळगावच्या माळावर येऊन त्यांनी कोंडाजीला उभा केला. छातीची बटणं उघडी, समोर गोऱ्यांच्या बंदुका, मागं तरुण बायको. गोळी लागली. कोंडाजी पडला, पण झेंडा पडू दिला नाही. आता ते थांबले, घोटभर पाणी प्यायले, आणि ज्यासाठी एवढी माणसं मारली त्या मुद्द्यावर आले.

"आज काही लोक विचारतात, दादा, पाणी एक दिवसाआड का? दादा, रस्त्यात खड्डे का? मी त्यांना एकच विचारतो. कोंडाजीबाबांनी छातीवर गोळी झेलली, तेव्हा नळाला प्रेशर आहे का, असं विचारलं होतं का?"

ज्यांच्या घरी तीन दिवस पाणी नव्हतं, त्या बायकांनी खाली माना घातल्या. आपण हंडे घेऊन नगरपरिषदेवर गेलो म्हणजे देशाशी काहीतरी दगाच केला, असं त्यांना वाटलं. हेच वाटावं म्हणून तर मांडव घातला होता. या देशात मेलेली माणसं जेवढं काम करतात तेवढं जिवंत नगरसेवक करत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर इंदुबाईच्याही अंगावर काटा आला. नऊ वर्षं ज्यानं बोंबलाच्या कालवणात मीठ कमी म्हणून तिच्यापुढं ताट सरकवलं होतं, गावातल्या दवाखान्यात सुई बघून जो चक्कर येऊन पडला होता, तो कोंडाजी तिलाही क्षणभर छाती उघडी टाकून उभा दिसला. तिनं डोकं हलवून तो घालवला. मग तिचं लक्ष नवऱ्याकडं गेलं.

रघू रडत होता. पहिल्या रांगेत, गळ्यात झेंडूचा हार, सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस हुंदके देऊन रडत होता. ज्या बापाला त्यानं स्वतःच्या खांद्यावरून उल्हास नदीच्या काठावर नेलं, स्वतःच्या हातानं अग्नी दिला, तो बाप गोळी लागून मेला म्हणून रडत होता.

भूपेशदादांनी ते हेरलं. "बघा," ते म्हणाले, "हुतात्म्याचा पुत्र बघा. या बाळानं बापाचं तोंडही पाहिलं नाही."

मागच्या रांगेत चांगुणा बसली होती. तिनं बोटं दुमडली. शेजारणीनं तिची बोटं बघितली आणि तोंडाला पदर लावला. ती हसू दाबते आहे हे बघून तिसरीला कळलं. खसखस बायकांतून पुरुषांत गेली, आणि पारावरच्या पाच म्हाताऱ्यांपैकी एकानं, ज्यानं रघूबरोबर पहिलीत पाटी फोडली होती, दुसऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं, "मग पोस्टानं आला क रघू?"

ते मांडवभर ऐकू गेलं. हसू फुटलं.

रघूचे हुंदके थांबले. त्यानं मागं बघितलं, मग फ्लेक्सवरचा आकडा बघितला, आणि मग बायकोकडं. त्याचे ओठ हलत होते. तो वजाबाकी करत होता. इंदुबाईला वाटलं की आता जर आपण इथं बसून राहिलो, तर विठाबाई वरून काय बोलेल ते बोलेल, पण हा माणूस उरलेली वर्षं रोज सकाळी दाढी करताना आरशात हीच वजाबाकी करेल.

ती उठली. सनीनं हात धरला, तो तिनं झटकला. चंदूला वाटलं म्हातारी हार घालायला आली, म्हणून त्यानं तिला वाट करून दिली. तिनं भूपेशदादांच्या हातातून माईक घेतला, कढईतला झारा घ्यावा तसा.

"मी इंदुबाई. कोंडाजीची सून," ती म्हणाली. स्पीकर कुंईऽऽ करून ओरडला, तो गप्प होईपर्यंत ती थांबली. "माझा सासरा एकोनऐंशीला मेला. याच ओसरीवर. दम्यानं. सकाली बोंबील मागितला, दुपारी गेला. गोली त्यानं खाल्ली नाय. ताडी विकायचा, परवाना नव्हता, म्हनून दीड महिना आत होता. यात लाज वाटन्यासारखं मना तरी काय दिसत नाय. पोटासाठी झाडावर चढत होता, कुनाच्या छातीवर नाय."

हसू थांबलं होतं. भूपेशदादांचं स्मित तेवढं जागेवर होतं.

"आन हा रघू, हा त्याचाच. माझ्या सासूनं तीन पोरं पुरली आन चौथ्यासाठी अंबरनाथपर्यंत अनवानी गेली. ती बाई कशी होती ते मना विचारा, मी सांगंन, आन चांगलं सांगनार नाय. पन तिच्या नावाला हात लावायचा नाय. ज्याला बोटं मोजायचीत त्यानं आपल्या घरी जाऊन मोजावी."

चांगुणानं बोटं पदराखाली घेतली.

कुणीही दुसरा असता तर पळाला असता. पण भूपेशदादा वीस वर्षं याच धंद्यात होते. त्यांनी डोळे मिटले, उघडले, दोन्ही हात जोडले आणि माईकशिवायच खणखणीत आवाज लावला. मित्रांनो, खरं बलिदान कुणाचं हे आज या माउलीनं दाखवलं. पती तुरुंगात, पदरात अन्न नाही, आणि ती वीरपत्नी विठामाता अनवाणी पायांनी, रक्ताळलेल्या पावलांनी, या भूमीसाठी प्राण...

"तीपन म्हातारपनी मेली," इंदुबाई माईकमधून म्हणाली. "शहान्नवला. उशाला मीच होते. आन जाताना देशाचं नाव नाय घेतलं, नल आला क बघ म्हनाली."

आता जे हसू आलं ते वेगळं होतं. ते रघूवर नव्हतं. पहिल्यांदा हंडेवाल्या बायका हसल्या, आणि त्यांच्यातल्या एकीनं उभी राहून विचारलं की नळाचं निघालंच आहे तर दादा, ते एक दिवसाआडचं काय झालं. दुसरीनं टाकीचं विचारलं. भूपेशदादांना दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. पाच मिनिटांत गाड्या निघाल्या. जाताना चंदूनं कलश काखोटीला मारला आणि सनीला म्हणाला की पुढच्या गल्लीत एक माजी सैनिक आहे, कागदपत्रं ओके आणि घरात सूनही असलेला.

तिकीट गेलं. सनी पेव्हर ब्लॉकवर लाथा मारत हिंदीत बडबडत होता की एका सिरियलच्या टाइमात म्हातारीनं करिअर खलास केलं. जयदेव मात्र लगेच आईच्या बाजूला आला. राजकारण म्हणजे घाण, हे तो पुन्हा म्हणू लागला. मागच्या रस्त्याचं काम त्या माजी सैनिकाच्या भाच्याला जाणार, हे त्यानं गाड्या निघतानाच ऐकलं होतं.

तुळशी मांडवाच्या कडेला खुर्चीत बसून पैठणीच्या पिना काढत होती. सासूशी ती बोलली नाही. अख्खा दिवस बोलणार नव्हती, कदाचित महिना. पण सनीची बडबड वाढली तशी तिनं एक पीन दातांत धरून त्याला म्हटलं, "गप बस. उद्या माझ्यावर कुनी असं छापलं, तर तुझी बायको उठंल क माईक घ्यायला? ते बघ आधी."

इंदुबाई ओसरीवर आली. रघू तिथं पायरीवर बसला होता, हार अजून गळ्यात. ती त्याच्या बाजूला टेकली. तो झेंडूच्या पाकळ्या एकेक करून काढत होता.

"वाईट वाटलं," तो म्हणाला. "धा मिनिटं का होईना, बा लई मोठा झालता गो."

"झालता ना."

"झेंडा पडू दिला नाय म्हनाला."

"ऐकलं मी."

"मना दिसला तो. खरंच दिसला." त्यानं नाक पुसलं. "तू धा मिनिटं थांबली असतीस तर?"

"थांबले असते," इंदुबाई म्हणाली, "तर हुतात्मा राहिला असता. पन तुमचा बा राहिला नसता."

रघूनं हार काढला, बाजूला ठेवला, आणि गुडघ्यांवर हात टेकून विचारलं, "त्या दिवशी, एकोनऐंशीला, तू त्याला बोंबील दिलतास क नाय?"

"दिलता," ती म्हणाली. "मीठ कमी हाय म्हनाला."

रघू हसला. बाप वारल्याच्या दिवशी तो रडला नव्हता, घरातला एकटा पुरुष म्हणून सगळ्यांना धीर देत फिरला होता. आता हसता हसता त्याला पुन्हा हुंदका आला, आणि या खेपेला इंदुबाईनं त्याला रडू दिलं.